जिवंत कॉनरॅडचं मयत

“मग भिंत कधी घालायची, फादर?”

ब्रदर कॉनरॅडने हे विचारलं तेव्हा म्हातारे फादर उल्रिक उन्हात बसून फाटक्या जोड्याला टाके घालत होते. मठाचे प्रमुख ते, पण असली कामं कुणाला करू देतील तर शपथ.

“एवढी घाई?”

“किती वर्षं वाट पाहतोय! आता धीर धरवत नाही.”

त्या काळी डोंगरातल्या ख्रिस्ती मठांत एक रीत होती. एखाद्या साधूला कायमचा एकांत हवा असला, की चर्चला लागून असलेल्या खोलीत त्याला पाठवायचं आणि दार विटांनी चिणून टाकायचं. भाकरी-पाण्यापुरती खिडकी ठेवायची, बस्स. पण त्याआधी त्याला पांढऱ्या कापडाखाली निजवून त्याच्यावर मयताची प्रार्थना म्हणायची. माणूस जगाला मेला ना? मग सगळं रीतसर नको व्हायला?

कॉनरॅडला आयुष्यात दुसरं काही नकोच होतं. गडी मनापासून देवाचा, त्यात खोट नाही. फक्त ही गोष्ट त्याला स्वतःलाही पक्की ठाऊक होती.

“जगाला मेलास?” फादरनी विचारलं.

“मेलो.”

“मानपान, नावलौकिक?”

“सगळं गेलं, फादर.”

फादरनी दोरा दातांनी तोडला. “बरं. उद्या गवंड्याला बोलावू.”

दुसऱ्या दिवशी गवंडी चुना कालवून दाराशी उभा राहिला. सगळे ब्रदर मेणबत्त्या घेऊन जमले. कॉनरॅड थंडगार फरशीवर निजला, अंगावर कापड आलं, आणि आनंदाने त्याचे डोळे भरून आले. झालं एकदाचं!

प्रार्थना संपली. मग रीतीप्रमाणे फादर मेलेल्याविषयी चार शब्द बोलू लागले.

“आपला कॉनरॅड गेला. फार नम्र होता…”

कापडाखाली कॉनरॅडला बरं वाटलं.

“आजाऱ्यांच्या उशाशी रात्र रात्र बसायचा…”

खरंच की, कॉनरॅडच्या मनात आलं.

“आणि गळा काय गोड! गुड फ्रायडेची ती चाल गायला लागला, की ऐकणारा रडायचाच. आपल्या ब्रदर हाइनोने बांधलेली ती चाल…”

कापडाखाली कॉनरॅडचे डोळे खाडकन उघडले. हाइनोने? ज्याला साधा सूर धरता येत नाही, त्या हाइनोने? अख्खा हिवाळा बोटं गारठवून ती चाल कॉनरॅडने बांधली होती!

जाऊ दे, त्याने स्वतःला बजावलं. आपण मेलोय. मेलेल्याला कसली आली चाल?

“आपण सगळे जाऊ,” फादर पुढे म्हणाले, “पण त्या चालीमुळे हाइनोचं नाव मागे राहील…”

“चाल माझी आहे!”

कापड भिरकावलं गेलं. मयत ताठ उठून बसलं होतं, रागाने लालबुंद. कुणाच्या तरी हातातली मेणबत्ती खाली पडली.

“त्याचीच आहे, फादर,” हाइनो चाचरत म्हणाला. “मी कधी माझी म्हटलंच नाही…”

कॉनरॅडने समोरच्या उघड्या दाराकडे पाहिलं. खोली तिथेच होती, हाताच्या अंतरावर. इतकी वर्षं जिच्यासाठी झुरला, ती. शरमेने त्याला रडू फुटलं.

“फादर… परत निजू का?”

फादर उल्रिकनी शांतपणे प्रार्थनेचं पुस्तक मिटलं आणि ते गवंड्याकडे वळले.

“चुना वाळायच्या आत कोंबड्यांच्या खुराड्याची भिंत लिंपून टाक, बाबा. आणि कुणीतरी या मयताला गरम गरम सूप द्या… पार गारठलंय ते.”