टेकूला झालेला उशीर

लाकडं बोलायची तेव्हाची गोष्ट. नुकत्याच ओतलेल्या स्लॅबखाली निलगिरीचा एक टेकू उभा होता. शेजारच्या बांधकामावर टेकू कमी पडले, तसा तिथला मुकादम ओरडला, "अरे, नुसता उभा काय राहिलास? इकडे ये!"

टेकू हुरळला. निघायला म्हणून जरासा हलला, तोच वरून स्लॅब कळवळला, "दादा, अजून माझ्या अंगात बळ नाही रे!"

मुकादमाच्या शिव्या खात टेकू पाय रोवून तिथंच राहिला.

एके सकाळी डोक्यावरचा भार हलका झाला. "जा आता," स्लॅब म्हणाला, "माझा मी पेलतो." टेकू शेजारच्या बांधकामाकडे निघाला.

"एवढा उशीर?" तो तिथं पोचताच मुकादम गुरकावला.

"हो," टेकू म्हणाला, "म्हणून तर तिथलं छत अजून छताच्या जागी आहे."