वेळशेतचा समुद्र आटला तेव्हा

हरिगीर महाराज कोकणातील वेळशेत बंदरी मुक्कामाला होते, तेव्हाची ही हकिकत. बंदरात मालजी तांडेलाचे शिडाचे गलबत नांगरून पडले होते. त्यावर स्वयंपाक करणारा लखू महाराजांचा भाबडा भक्त. त्याच्या आग्रहाखातर महाराज गलबतावर आले आणि फळीवर बसून राहिले. दुपार झाली तरी उतरण्याचे नाव नाही!

मालजी आधीच कावलेला. गलबतातली कौले उतरवायचे काम खोळंबले होते. त्यात महाराज म्हणाले, "लखू, नांगराचा दोर आणखी लांब सोड. असेल तेवढा सगळा."

लखूने सोडलासुद्धा!

"अरे शहाण्या, गलबत तुझं की माझं?" मालजी खेकसला. "चूल सांभाळ आपली!"

इतक्यात, भरतीची वेळ असून समुद्र मागे सरला. पाहता पाहता बंदर कोरडे पडले, गलबत चिखलात कलंडले. गावची बायकामाणसे तडफडणारे मासे वेचायला धावली.

महाराज ताडकन उठले. "लखू, सगळ्यांना वर घे. लवकर!"

"आता गावजेवण घालायचंय का इथं?" मालजीने कपाळावर हात मारला. "महाराज, हात जोडतो, पण माझ्या गलबताचा पिच्छा सोडा!"

लखू मात्र शिडी टाकून हाका मारीत सुटला. कोणी हसत, कोणी कुरकुरत, तीसएक माणसे चढली. शेवटची म्हातारी माशांची टोपली सोडीना. मालजीनेच चरफडत तिला टोपलीसकट वर ओढले आणि मान वळवली. क्षितिजावर पाण्याची भिंत उभी होती!

लाट आदळली. गलबत माडाच्या उंचीला उचलले गेले, दोर करकरला. बाकीची होडकी वाहत जाऊन माडांवर फुटली. महाराजांनी दोरावर नुसता तळहात ठेवला होता. एकामागून एक तीन लाटा आल्या, पण गलबताने जागा सोडली नाही.

पाणी शांत झाल्यावर मालजी पुटपुटला, "नांगर पक्का होता म्हणून वाचलो." तो दोर ओढू लागला. दोर अलगद वर आला. टोकाला नांगरच नव्हता! तुटलेले पेड तेवढे लोंबत होते.

मालजी लखूकडे वळला. "लखू, चुकलो रे," एवढेच म्हणाला आणि त्याने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले.

"पुरे, पुरे! ऊठ," महाराज म्हणाले. "किनाऱ्यावर कोण अडकलंय ते आधी बघ."

तांडेल उठला, पण महाराजांकडे पाठ न करता, हात जोडूनच शिडीकडे गेला.