दोन पंगती, एक वाढपी

एकदा एक वृद्ध गुरुजी होते आणि काळाला अनुसरून ते संगणकविद्या शिकवीत. मुख्य स्विच बंद केल्याशिवाय संगणकाच्या पेटीच्या आत बोटही घालायचे नाही, एवढेच काय ते त्यांचे सोवळे.

निरंजन हा त्यांचा हुशार शिष्य; फक्त नीटनेटकेपणाची त्याला अतोनात हौस. एका साडीव्यापाऱ्याच्या नव्या दुकानातले काम गुरुजींनी त्याच्या एकट्यावर सोपवले. समोर उभे राहिले की मोठ्या पडद्यावर आपण हवी ती साडी नेसलेले दिसावे, अशी करामत तिथे करायची होती. त्यासाठी संगणकात पडद्यावरची चित्रे रंगवणारे चांगले दांडगे ग्राफिक्स कार्ड बसवले होते. "हे यंत्र न अडखळता चाललं, तर आपल्या पाटीवर माझ्या नावाखाली तुझं नाव," असे गुरुजी म्हणाले, तेव्हापासून निरंजनचे पाय जमिनीवर नव्हते.

उद्घाटनाच्या दिवशी मागच्या अंगणात समोरासमोर दोन पंगती मांडल्या होत्या. जेवण उरकले की पडद्यासमोर पहिला मान व्यापाऱ्याच्या विहीणबाईंचा. विहिणीचा मान चुकला तर काय होते, हे मी वाचकांना काय सांगावे! पाने वाढली जात होती, तेवढ्यात निरंजन घामाघूम होऊन धावत आला.

"गुरुजी, सुती साडी छान दाखवतंय. पैठणीचा पदर उलगडायला लागला, की सगळंच फटकन बंद!"

"कार्डाला वीज?"

"दोन्ही तोंडांना पोचते. मी स्वतः जोडलीय."

गुरुजींनी आत जाऊन पेटीच्या काचेतून डोकावले. कार्डाला विजेची दोन तोंडे होती. पेटीतल्या सगळ्यांना वीज वाटणाऱ्या पॉवर सप्लायमधून त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र केबल निघायला हव्या होत्या. पण निघाली होती एकच. तिच्या टोकाला दोन प्लग होते, ते दोन्ही निरंजनने दोन तोंडांत बसवले होते. दुसरी केबल खोक्यात घडी घालून निवांत पडली होती, कारण काचेतून एकच केबल सुबक दिसत होती.

 गुरुजी अंगणात परतले, दोन वाढप्यांपैकी एकाचा हात धरला आणि त्याला सरळ पानावर बसवले. "तू जेवून घे बाबा. तो एकटा बघेल."

मीठ, लिंबू, कोशिंबीर येईपर्यंत कोणाला काही जाणवले नाही. मग गरम जिलेबी आली. इकडून "अहो, इकडे!", तिकडून "आमच्याकडे कोणी बघेल का?" वाढपी या पंगतीतून त्या पंगतीत पळू लागला, आणि अखेर जिलेबीचे ताट मांडीवर घेऊन मधोमध बसला. "माझ्याच्यानं होत नाही," एवढेच बोलला. विहीणबाईंनी पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला. व्यापारी पांढराफटक पडला.

"गुरुजी, हे काय केलंत!" निरंजन कळवळून म्हणाला.

"का? दोन्ही पंगतींना वाढप पोचत होतं की."

"पोचत होतं हो, पण पुरत नव्हतं!"

बोलून झाल्यावर निरंजन आपल्याच वाक्यापाशी थबकला.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "सुती साडी म्हणजे कोशिंबीर. तेवढ्यापुरती तुझी एक केबल पुरली. पैठणी म्हणजे जिलेबी. तेव्हा दोन्ही तोंडं एकदम मागायला लागली, आणि पॉवर सप्लायनं मांडी घातली. कुणाची किती भूक आहे ते बघून वाढावं रे. काचेतून कसं दिसतं ते बघून नव्हे."

जेवणाऱ्या वाढप्याला उठवण्यात आले. त्याने दोन घास घाईने गिळले आणि विहीणबाईंकडे धाव घेतली. निरंजनने आत जाऊन मुख्य स्विच बंद केला, खोक्यातली केबल काढली आणि प्रत्येक तोंडाला त्याची त्याची केबल दिली. प्लग टक्क आवाज करून बसला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळाने विहीणबाई पडद्यावर पैठणी नेसून गर्रकन फिरल्या. पदर पूर्ण उलगडला, आणि त्या तिथून हलायलाच तयार होईनात.

आठवड्याने नवी पाटी रंगवून आली. वर गुरुजींचे नाव, खाली निरंजनचे. ती टांगायला निरंजन शिडीवर चढला, तेव्हा गुरुजी खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी वर न बघताच विचारले, "मधोमध एकच खिळा मारलास, तर जास्त सुबक दिसेल का रे?"

 निरंजनच्या ओठांत आधीच दोन खिळे होते.