खोडलेली स्वप्ने

एकदा एका व्यापाऱ्याने आपल्या घरचा निवाडा स्वप्नांवर सोपवला. तांब्या-पितळेची भांडी विकणारा हा सज्जन, नाव विश्वंभर. घागर वाजवून तिची पारख करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण स्वतःच्या मनात काय वाजते आहे, ते मात्र त्याला उमगत नसे.

थोरल्या भावाशी, अण्णांशी, चार वर्षे अबोला होता. आता अण्णांच्या लेकीचे लग्न पंधरा दिवसांवर आले, आणि अण्णांनी लग्नाची अक्षत धाडली ती शेजाऱ्याच्या हाती. "स्वतः का आले नाहीत? मला काही मान आहे की नाही?" म्हणत विश्वंभर घरभर येरझारा घालू लागला. जावे तर कमीपणा, न जावे तर अंगाखांद्यावर वाढलेली पुतणी हिरमुसणार.

शेवटी त्याने आपल्या वृद्ध गुरूंचे पाय धरले. "आचार्य, पहाटेचे स्वप्न खरे होते म्हणतात. मला काही कौल मिळेल का?"

"एक वही कर," आचार्य म्हणाले. "जाग आली की चूळ भरण्याआधी, कोणाशी चकार शब्द बोलण्याआधी, जे दिसले ते लिही. दहा दिवसांनी ये."

विश्वंभर नेमाने लिहू लागला. बायको चहा घेऊन आली की हा हातानेच 'थांब' म्हणे. ती हसून म्हणे, "मनी वसे ते स्वप्नी दिसे. त्याला वही कशाला हवी?"

दहाव्या दिवशी स्वारी आचार्यांपुढे बसली आणि खड्या आवाजात वाचू लागली. पांढरा हत्ती, सोन्याचा कळस, फळ देणारा तेजस्वी साधू. आचार्यांनी वही हळूच काढून घेतली. हत्तीची पाने त्यांनी भराभर उलटली आणि काट मारलेल्या ओळींवर बोट ठेवले.

"हे वाच."

"ते निरर्थक होते, म्हणून खोडले."

"तेच वाच."

विश्वंभर चाचरत वाचू लागला. लहानग्या विश्वंभराच्या पाठीला भोपळा बांधून अण्णा पोहायला शिकवत आहेत, हनुवटीखाली त्यांचा हात आहे. दुसऱ्या दिवशी, भाजलेल्या शेंगांतला मोठा वाटा अण्णांनी गुपचूप इकडे सरकवला. आणखी एकदा, गाडीत पुढे बसण्यावरून भांडण, आणि अण्णा उतरून मुकाट्याने पायी चालत आहेत. दहांपैकी सहा दिवस अण्णाच. सहावी ओळ विश्वंभराने दोनदा वाचली.

"आणि तो हत्ती खरोखर दिसला होता?"

विश्वंभराने मान खाली घातली. "दिसल्यासारखा वाटला."

आचार्य मनापासून हसले. "अरे, एका स्वप्नावरून काही ठरवू नये. पण ओळीने लिहीत गेले की मन कुठे घुटमळते, ते कळते. डोळे नीट उघडले की मन आधी पगडी चढवते, मग मानपानाच्या गोष्टी बोलू लागते. त्याआधी जे उतरले, ते त्याचे स्वतःचे. लिहिलेस हे उत्तम केलेस. मला आवडावे म्हणून निवडू लागलास, तिथे चुकलास."

"मग मी जाऊ?"

"मला का विचारतोस? अक्षर तर तुझे आहे."

विश्वंभर तिथूनच भावाच्या घरी निघाला. अंगणात अण्णा मांडवाची मेढ रोवत होते. त्याला पाहताच त्यांचे हात थांबले.

"अण्णा, मी आलो."

अण्णांनी उपरण्याने डोळे टिपले. "अक्षत घेऊन दोनदा तुझ्या आळीच्या तोंडाशी आलो होतो रे. पाऊलच पुढे पडेना. मग शेजाऱ्याला धाडले."

विश्वंभराने पुढे होऊन मेढ धरली. म्हणाला, "वाकडी जातेय, अण्णा. तुम्ही माती लोटा, मी सरळ धरतो."

उशाशी एक वही अवश्य असावी. आणि एखादी ओळ खोडावीशी वाटली, तर ती आधी दोनदा वाचावी.