एकीनं सुरू करायचं, एकानं थांबवायचं

एका गावात दोन भावंडं होती आणि दोघांत मिळून एक कॅमेरा होता. बहीण थोरली, तिचं नाव शेवंता. भाऊ धाकटा, रंगराव. आडनाव चौगुले. आसपासच्या गावांतली लग्नं चित्रित करून देणं हा त्यांचा धंदा. दोघंही हुशार होती आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. तिथंच सगळी गोम आहे.

पहिल्याच लग्नात फजिती झाली. नवरीनं माळ उचलली. शेवंता ओरडली, "घाल!" रंगराव त्याच दमात ओरडला, "थांब!" नवरीचे हात वरच राहिले. नवरा मान पुढं काढून उभा. भटजी वैतागले, "अहो चौगुले, मुहूर्त टळतोय! तुमचं दोघांचं काय ते एक ठरवा."

घरी आईनं दोघांना समोर बसवलं. म्हणाली, "चुलीवर दूध ठेवणारं माणूस एक असावं आणि उतरवणारं दुसरं. शेवंते, तू सुरू करायचं. रंग्या, तू थांबवायचं. एकमेकांच्या शब्दाला हात लावाल तर ताट मिळणार नाही."

त्या दिवसापासून रिवाजच पडला. शेवंता म्हणायची, "चालू!" रंगराव म्हणायचा, "कट!" तिचा शब्द त्यानं कधी उच्चारला नाही, त्याचा तिनं नाही.

पुढं दोघं दूरदर्शनच्या मालिका काढायला लागली. सात जावांची त्यांची एक मालिका फार गाजली. शेवंताची रीत अशी, की शॉट सुरू व्हायच्या आधी प्रत्येकीच्या कानाशी जायचं आणि काहीतरी आग लावणारं सांगायचं. "तुझ्या माहेरचं लोणचं सासूनं म्हशीला घातलंय, असं समज." की ती बाई अशी पेटायची, की दिव्यांची गरज नाही. आणि रंगराव पालथ्या खोक्यावर बसून नुसता बघायचा. पापणी हलवायचा नाही. दाराआडच्या जावेनं काय ऐकलं हे तिच्या तोंडावर उमटू लागलं, की तेवढ्यात, "कट!" त्या दिवसाचा भाग तिथंच संपायचा. घरोघरी बायका कपाळाला हात लावायच्या. "अरे मेल्या, आत्ताच थांबवायचं होतं होय?" आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बसायच्या. गावच्या भजनी मंडळानं भजनाची वेळ पुढं ढकलली. देवानं काही तक्रार केली नाही. तोही बघत असावा.

नाव झालं. नाव झालं की माणसं येतात. आणि येणारा प्रत्येक जण एकच विचारायचा, "तुम्हा दोघांत खरा दिग्दर्शक कोण हो?" लोकांना दुसऱ्याच्या घरात वाटणी लावायची भारी हौस!

आधी दोघं हसून सोडून द्यायची. पण सारखं कानावर पडलं की विष भिनतंच. शेवंताला वाटायला लागलं, 'आग मी लावते, हा नुसता विझवतो. विझवायला काय लागतं?' रंगरावाला वाटायला लागलं, 'चालू म्हणायला काय, कुणीही म्हणेल. कुठं थांबायचं ते कळणं हीच खरी कला.' बोललं कुणीच नाही. पण जेवताना एकमेकांना भाकरी पुढं करायची थांबली.

अशात मुंबईहून माणेकशेट आले. मोठमोठे सिनेमे काढणारे निर्माते. त्यांना एका राणीचा सिनेमा काढायचा होता. हत्ती, घोडे, फौज, नदीकाठची लढाई आणि किल्ल्याचा वेढा. साधा नाही, थेटरं फोडणारा सिनेमा.

शेट म्हणाले, "एका सेटवर दोन दिग्दर्शक म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. ताई, तुम्ही नदीची लढाई घ्या. रंगराव, तुम्ही किल्ला घ्या. दोन्हीकडं एकदम काम चालेल. आणि ज्याचं काम सरस, त्याचंच एकट्याचं नाव पोस्टरवर."

सांगायला हवं होतं, की शेट, आमच्याकडं अशी रीत नाही. दोघांपैकी एकानंही सांगितलं नाही. उलट दोघांचे डोळे चमकले. तो रिवाज लावून देणारी आई आता हयात नव्हती, नाहीतर तिनं तिथंच दोघांना लाटण्यानं शेकलं असतं.

काम सुरू झालं. नदीकाठी शेवंता उभी राहिली. शिपायांच्या कानाशी जाऊन आली, माहुताशी बोलली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चालू!" काय सांगू, अशी फौज कुणी पाहिली नसेल. हत्ती डुलतोय, भगवे झेंडे फडफडतायत, पाण्यात पावलं पडतायत. शेवंता बघतच राहिली. थांबवायचं कधी? 'अजून थोडं जाऊ दे,' ती मनाशी म्हणाली. मग आणखी थोडं. आणि तिच्या लोकांना तर सवयच होती, 'कट' ऐकल्याशिवाय कुणी थांबायचं नाही. फौज नदी उतरून गेली, पलीकडच्या रानातून गेली आणि पलीकडच्या गावच्या भर बाजारात शिरली. हत्तीनं रसाच्या गाड्यावरचा ऊस संपवला. शिपायांनी ढाली टेकवून मिसळ मागवली.

तिथले सरपंच शेवंताकडं आले नि हात जोडून म्हणाले, "बाई, आमचं गाव तुम्ही जिंकलंय का? तसं असेल तर सांगा, म्हणजे मी खुर्ची सोडतो."

किल्ल्यावर दुसरीच तऱ्हा. रंगरावानं घसा खाकरून "चालू" म्हटलं, आणि म्हणताक्षणीच त्याला चूक दिसली. "कट!" एकाचा फेटा सुटलेला. "कट!" एकाची मान वाकडी. "कट!" शिपाई तलवारी उचलायचे आणि खाली ठेवायचे. सबंध लढाईत कुणाला साधं खरचटलं नाही. घोडाही शहाणा झाला. 'चालू' ऐकलं की तो जागचा हलेना. त्याला ठाऊक, काही होणार नाही.

राणीचं काम सगुणाबाई करत होत्या. नाटकात मुरलेली, पिकल्या केसांची बाई. त्या खवळल्या. "अरे रंगा, मला म्हणायचंय, 'शरण येणार नाही.' तू 'शरण' म्हटलं की कट करतोस! सकाळपासून नुसती शरण शरण करतेय मी. शत्रूला वाटेल, म्हातारी भ्यायली!"

रंगरावाला राग आला.

मग शेटनी दोन्हीकडचं चित्रण बघितलं आणि डोक्याला हात लावला. "एकीच्या कामाला शेवट नाही, एकाच्या कामाला सुरुवात नाही. माझा सिनेमा बुडाला की हो!"

आता एकच मोठा प्रसंग उरला होता, किल्ल्याचा दरवाजा जळतो तो. शेट म्हणाले, "तो साधला तर बाकीचं पुन्हा करू. नाही साधला तर सिनेमा दुसऱ्याच्या हाती. तुम्ही आपल्या सात जावा सांभाळा."

दरवाजा गावच्या सुतारांनी आंब्याच्या लाकडाचा घडवलेला, दोन पुरुष उंच. एकच होता. एकदा पेटला की पेटला. त्या पेटत्या दारातून राणीनं बाहेर यायचं, उंबऱ्यात उभं राहून आपलं वाक्य बोलायचं आणि पायऱ्या उतरायच्या. लवकर थांबवलं तर सगळं फुकट. उशीर झाला तर वरची तुळई खाली येणार. आणि खाली कोण? सगुणाबाई.

शेटनी विचार करून सांगितलं, "शेवंताताई, हा प्रसंग तुम्ही एकट्या करा. फौज तरी हलवलीत तुम्ही. पोस्टरवर नाव तुमचं."

रंगराव मागं सरला. बघ्यांच्या गर्दीत जाऊन हाताची घडी घालून उभा राहिला.

सगळं सज्ज झालं. पाण्याचे टँकर आले. दाराला रॉकेलचे बोळे लागले. पलित्यावाले तयार. शेवंता नेहमीसारखी सगुणाबाईंच्या कानाशी गेली. काहीतरी आग लावणारं सांगायचं म्हणून तोंड उघडलं, तर सगुणाबाईच हळूच म्हणाल्या, "शेवंते, नऊवारी आहे गं माझी. मला पळता येत नाही. वेळेवर थांबवशील ना?"

शेवंतानं वर तुळईकडं बघितलं. तिच्या डोळ्यांपुढं नदी आली, बाजार आला, मिसळ खाणारी फौज आली. 'अजून थोडं' हे शब्द आठवले. 

"हो" म्हणणं सोपं होतं. नाव तिचं होतं, एकटीचं. समोर माणेकशेट, मागं सबंध गाव, आणि आपल्याला जमत नाही हे सगळ्यांसमोर बोलायचं! मरण पत्करेन पण हे नाही, असं म्हणणारी माणसं पुष्कळ असतात. आणि मरतं दुसरंच कुणीतरी.

शेवंता फिरली आणि गर्दीकडं तोंड करून ओरडली, "रंग्या! इकडं ये."

"का?" रंगराव जागचा हलला नाही. "शेटनी तुला निवडलंय, आक्का. तूच कर."

"मला थांबवता येत नाही." सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली. "एकदा पेटलं की मी बघत राहते. मला भान राहत नाही. आज सगुणाबाईंचा जीव जाईल माझ्या हातून. ये, आणि तुझ्या जागेवर बस."

शेट धावत आले. "ताई, मग पोस्टरवर नाव..."

"नाव घाला चुलीत! खोकं आणा त्याला बसायला."

रंगराव पुढं आला. मान खाली होती. बहिणीजवळ आल्यावर पुटपुटला, "आक्का, मलापण एक शॉट सुरू करता आला नाही गं. घोडासुद्धा माझं ऐकेना."

"ते ऐकलंय मी." शेवंता म्हणाली. "बाजारातला मिसळवालासुद्धा तेच सांगत होता." आणि इतक्या महिन्यांनी दोघं एकमेकांकडं बघून हसली.

खोकं आलं. रंगराव बसला. शेटना घाम फुटला. हा माणूस आज रुसलेला, आणि तसाही उतावळा. किल्ल्यावर राणीला 'शरण'वरच अडवलं, तसंच आजही अडवील!

"चालू!" शेवंताचा आवाज घुमला.

पलिते लागले. दरवाजा भडकला. सगुणाबाई धुरातून बाहेर आल्या, पाठ ताठ, डोळे लाल. ज्वाळा डोक्याच्या वर गेल्या. शेटनी रंगरावाकडं बघितलं. रंगराव गप्प. सगुणाबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. लाकूड कडाडलं. कुणीतरी ओरडलं, "अरे थांबव!" रंगराव गप्प. सुरू करायचं ओझं आज त्याच्या डोक्यावर नव्हतं, म्हणून चुका हुडकायचीही घाई नव्हती. तो नुसता बघत होता. सगुणाबाईंनी सबंध गावावरून नजर फिरवली आणि गरजल्या, "शरण येणार नाही!" पहिली पायरी उतरल्या. दुसरी. तिसऱ्या पायरीवर त्यांच्या चेहऱ्यावर जे यायला हवं होतं ते आलं.

"कट!"

माणसांनी धावत जाऊन बाईंना उचलून बाजूला नेलं. मागं तुळई धाडकन कोसळली. ठिणग्यांचा पाऊस पडला.  मग गावानं अशा शिट्ट्या मारल्या, की हत्ती बिचकला.

पुढं नदीची लढाई आणि किल्ल्याचा वेढा दोघांनी मिळून नव्यानं केला. यावेळी फौज नदीच्या अलीकडंच थांबली. पलीकडच्या बाजारातला मिसळवाला मात्र थोडा हिरमुसला.

सिनेमा थेटरात लागायचा झाला, तसे माणेकशेट पोस्टर घेऊन आले. "नावं दोघांचीही टाकतो. पण आधी कुणाचं?"

"आक्काचं," रंगराव म्हणाला.

"मुळीच नाही," शेवंता म्हणाली. "रंग्याचं आधी."

"तू थोरली आहेस."

"म्हणूनच सांगते, गप बस."

"मी नाही गप बसणार!"

भांडण असं जुंपलं, की शेजारीपाजारी जमले. छापखान्याचा माणूस ताटकळला. शेट कंटाळून ओट्यावर बसले. शेवंतानं आतून भाकरीची चवड आणली, एक रंगरावाच्या ताटात टाकली, एक शेटच्या, आणि म्हणाली, "तुम्ही खाऊन घ्या शेट. आमचं हे लवकर संपणार नाही."

तात्पर्य: आपल्याला काय येतं याची फुशारकी कुणीही मारतो; पण जो आपल्याला काय येत नाही हे चारचौघांत सांगून, ज्याला येतं त्याला हाक मारतो, त्याचंच काम तडीस जातं.