कोंब फुटलेलं कोठार

माणसांनी कोर्टकचेऱ्या शोधून काढल्या, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. नदीकाठच्या वारुळातली राणीमुंगी मरताना म्हणाली, "कोठारातले दाणे पिल्लांचे. माझ्या दोन्ही मुलींनी ते नुसते सांभाळायचे."

सांभाळण्यात पहिला मान कुणाचा, यावरून थोरली आणि धाकटी भांडल्या आणि कासवाकडे न्याय मागायला गेल्या. कासवानं हुकूम दिला, "निकाल लागेपर्यंत दोघींची संमती असल्याशिवाय दाण्याला कुणी तोंड लावायचं नाही."

मग पाऊस झाला आणि पाणी कोठारात शिरलं. पिल्लांना वाढवणारी म्हातारी दाई दोघींकडे गेली. "दाणे भिजलेत. दरवर्षीसारखे उन्हात घालू, मोड कुरतडून टाकू. नाहीतर सगळे उगवतील."

"उन्हात नेताना ती चार दाणे लांबवेल," थोरली म्हणाली.

"मोड कुरतडते म्हणत ती दाणेच खाईल," धाकटी म्हणाली.

दाई कासवाकडे गेली. कासव म्हणालं, "तुमची तारीख अजून लांब आहे."

दाणे उगवले. मुळांनी कोठार फोडलं आणि वारुळावर हिरवंगार रान डोलू लागलं. पिल्लांना भरवायला एक दाणा उरला नाही.

निकाल हिवाळ्यात लागला. राणीचा शब्द खरा, दाणे पिल्लांचेच, असं कासवानं सावकाश सांगितलं. आपण पहिल्यापासून हेच म्हणत होतो, असं दोघी बहिणी म्हणाल्या.

दाई वारुळात गेली आणि पिल्लांच्या रिकाम्या खोल्या झाडू लागली.