पहिला घोट अग्नीचा

विषय : विहारात दूध न उकळता पिण्यास अनुमती मिळण्याबाबत. अर्जदार : भिक्षू लोलक. कारण : उकळल्याने चव जाते. हा अर्ज समोर आला, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे तथागतांनी, पूर्वजन्मीची एक जुनी हकिगत सांगितली.

पूर्वी अजद्वीप नावाच्या बेटावर राजा महीधर राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होता. बेटावर माणसांपेक्षा शेळ्या जास्त आणि शेळ्यांपेक्षा प्रथा जास्त. शेळी व्याली की घरातल्या गर्भवतीने ओले करडू मांडीवर घ्यायचे आणि धारोष्ण दूध तसेच प्यायचे. त्याने कूस भरते, अशी समजूत. पुढे शेळ्या गाभडू लागल्या. माणसांना चढउताराचा ताप येऊ लागला, सांधे धरले, आणि बायकांचे गर्भही टिकेनात.

राणी रोहितेचे दोन गेले होते. पुन्हा दिवस राहिले, तेव्हा राजपुरोहित कुंडल म्हणाला, "महाराणी, प्रसाद कमी पडला. यंदा दोन शेळ्यांचे दूध घ्या." मागच्या खेपेलाही निदान हेच होते, फक्त शेळी एक होती.

राणीने बोधिसत्त्वाला बोलावले. "अमात्य, खरं सांगा. हे तरी राहील का?"

तो बेटभर हिंडून आला होता. "देवी, कोळीवाड्यात ताप नाही. तिथले लोक शेळ्या पाळत नाहीत, आणि विकत घेतलेलं दूध समुद्रावर नासू नये म्हणून उकळून नेतात. शेळ्यांत असं काही आहे, जे डोळ्यांना दिसत नाही आणि आगीला सोसत नाही."

"मग प्रथा मोडू?"

"पहिला घोट अग्नीला द्या, म्हणजे दूध उतू जाईपर्यंत उकळा, मग प्या. करडाला मात्र शिवू नका."

बेटावरचा सर्वांत मोठा कळप बोधिसत्त्वाचाच होता. गाभडलेल्या शेळ्या त्याने सगळ्यांआधी निर्जन खडकावर हलवल्या, आणि रोग बेटाबाहेर जाऊ नये म्हणून शेळ्या घ्यायला आलेली गलबते रिकामी परत धाडली.

विधीच्या दिवशी सारे नगर अंगणात लोटले. कुंडलाने दुधाचा वाडगा पुढे केला.

"आधी चूल," राणी म्हणाली.

"देवी, प्रथा!"

"दोनदा तुमची प्रथा पाळली, आचार्य. दोन्ही पाळणे रिकामे आहेत. एवढी खात्री असेल तर हा वाडगा तुम्हीच प्या."

कुंडलाला त्याच क्षणी आपला उपवास आठवला. अंगणात हशा पिकला. बायकांनीच चूल पेटवली. दूध उतू गेले, तसा जयघोष झाला. त्या दिवसापासून घरोघरी पहिला घोट अग्नीचा ठरला.

यथाकाळी राणीला मुलगी झाली. ती अशी काही रडली, की नगाऱ्यांना कोणी विचारले नाही. पुढच्या हंगामात बेटावर सुतारांना पाळणे पुरवता येईनात.

"त्या जन्मीची राणी म्हणजे आजची भिक्षुणी सुरुची, पुरोहित म्हणजे हा लोलक, आणि अमात्य मीच," शास्ते म्हणाले. "ही प्रज्ञा पारमिता, शहाणपणाची परिपूर्णता."

लोलकाचा अर्ज अद्याप विचाराधीन आहे. तोवर त्याला दूध उकळूनच मिळते.